माळावरची पंचाहत्तर झाडं

माझे वडील देशापेक्षा एका वर्षानं मोठे. ही गोष्ट ते एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. "स्वातंत्र्य आलं तवा मी भिताडाला धरून उभा राहात हुतो," हे वाक्य ठरलेलं. मग थोडं थांबून, "देश आन् मी बरुबरच चालाय शिकलो." समोरचा हसला की तेही हसायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. गावही आप्पाच म्हणतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईहून आत गेल्यावर. मी लग्न होऊन दौंडला आले आणि गेली कितीतरी वर्षं कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये पाळीनं काम करते. माहेरी जाणं होतं ते सणावाराला. त्यामुळं पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही आईनं फोनवर सांगितलं, आणि शेवटचं सगळं माझ्यासमोर झालं.

आप्पांचे एक मित्र आहेत. मी त्यांना मामा म्हणते, पण नातं रक्ताचं नाही. ते धनगरवस्तीवरचे, आम्ही मळ्यातले. दोघं चौथीपर्यंत एका वर्गात होते आणि एकाच विहिरीत पोहायला शिकले. आईला सख्खा भाऊ नाही, हे कळल्यावर तिच्या सासरच्या पहिल्याच भाऊबीजेला मामा खांद्यावर घोंगडी टाकून दारात उभे राहिले. "ताई, ओवाळ मला," म्हणाले. तेव्हापासून ते आप्पांना चारचौघांत 'दाजी' म्हणत आणि 'तुमी' म्हणत. दोघंच असले की सरळ अरे-तुरे. लहानपणी मला याची फार गंमत वाटायची. ओसरीवर तिसरं माणूस चढलं की मामांचं बोलणं एकदम पाहुण्यासारखं व्हायचं. ते माणूस गेलं की लगेच, "तर तू काय म्हनत हुतास?"

मामांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यांचे वडील दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मामा तरुणपणी गेले असतील, नंतर ते बंद झालं. पाटाला पाणी आलं तशी वस्तीवरच्या बहुतेकांनी मेंढरं विकून ऊस आणि कांदा धरला. मामांनीही जमीन केली, ती मुलाकडं दिली, पण स्वतःपुरता एक लहानसा कळप ठेवला. मामी लवकर गेल्या. त्यानंतर त्या कळपावाचून त्यांना करमत नसावं.

कळप चरायचा तो माळावर. गावाच्या वरच्या अंगाला, पाझर तलावाला लागून, मुरमाड गायरान पसरलेलं होतं. कुसळी गवत, तरवड, मधूनच एखादं खुरटं हिवर. शहरातल्या माणसानं पाहिलं असतं तर ओसाड म्हणाला असता. मामा सकाळी मेंढरं वर नेत आणि दिवस कलला की खाली आणत. आमचा कांदा निघून वावर मोकळं झालं की काही रात्री मेंढरं आमच्या रानात बसायची. जाळीचं कुंपण घालून मामा तिथंच झोपायचे. लेंडीखत रानाला मिळायचं, मामांना दोन्ही वेळची भाकरी आमच्याकडून जायची. आप्पाही अंथरूण घेऊन तिकडंच जात. आई म्हणायची, "मेंढरांपेक्षा ह्या दोघांचीच बडबड जास्त."

देशाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती, त्या वर्षीच्या ग्रामसभेत गावानं काय करायचं यावर चर्चा झाली. कोणी म्हणालं वेशीवर कमान बांधू. कोणी म्हणालं संगमरवरी खांब उभा करू, त्यावर अक्षरं कोरू. आप्पा उठले. एरवी ते सभेत फार बोलत नसत. सोसायटीचे चेअरमन होते तेव्हाही दुसऱ्यांना बोलू द्यायचे. ते म्हणाले, "कमानीखालनं माणूस जातं. झाडाखाली बसतं. पंच्याहत्तर झाडं लावा. मी काय शंभरी बघायला असनार न्हाई, पर झाडं असत्याल."

हे सगळ्यांना पटलं. प्रश्न आला जागेचा. रस्त्याच्या कडेला लावली तर रस्ता रुंद होईल तेव्हा जातील. शाळेत जागा नाही. कुणाच्या खासगी रानात लावली तर ती गावाची होणार नाहीत. म्हणजे राहिला माळ. माळ म्हटल्यावर काही डोकी मामांकडं वळली, असं आप्पांनीच मला नंतर सांगितलं. मामा मागं भिंतीला टेकून बसले होते. आप्पा सभेतच म्हणाले, "दोन पावसाळं कुंपन राहील. झाडं डोक्याच्या वर गेली की कुंपन काढायचं. मग मेंढरं सावलीत चरत्याल." मामा म्हणाले, "माझी कायबी हरकत न्हाई, दाजी. दोन वर्सं म्या तलावाच्या खालनं नेतो."

शब्द असा दिला गेला, सगळ्या गावासमोर.

खड्डे जेसीबीनं घेतले. मुरूम इतका कठीण होता की पहारीनं शक्यच नव्हतं. खड्ड्यांत भरायला गाळाची माती तलावातून आणली आणि खत मामांनी दिलं. स्वतःच्या मेंढरांच्या वाड्यातलं लेंडीखत, ट्रॉली भरून. आप्पा नको म्हणाले तर मामा म्हणाले, "तुझ्या देसाला म्या एवढं बी देऊ नये व्हय?" आप्पा म्हणाले, "माझ्या देसाला? तुझा कोन्चा हाय मग?" दोघं ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून हसत होते.

पंधरा ऑगस्टला मी पाळी बदलून गावी गेले. घरोघर झेंडे लागले होते. शाळेतलं झेंडावंदन झाल्यावर पोरं ओळीनं माळावर आली, मागोमाग सगळं गाव. एकेका घराला एकेक झाड. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, जांभूळ, करंज. झाडाशेजारी त्या घराच्या नावाची पाटी. मामांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की मला बाभळ द्या. त्यावर तरुण मंडळी हसली. बाभळ कुणी लावतं का, ती आपोआप उगवते, आणि पंचाहत्तरीला काटे लावायचे? मामा म्हणाले, "शेंगा आवडीनं खात्यात मेंढरं, म्हनून म्हनलं." मग त्यांना करंज मिळालं. करंजाला मेंढरू तोंड लावत नाही, ते तरी जगेल, असं कोणीतरी म्हणालं आणि मामाही हसले. त्यांनी ते नीट लावलं, बुंध्याशी माती दाबली, आणि पागोटं काढून झाडापुढं क्षणभर उभे राहिले. आप्पांनी मधोमध वड लावला. त्या दिवशी आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आज मागं वळून बघताना मला तो दिवस सगळ्यात जास्त आठवतो. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते, कारण पुढं जे झालं त्यात कुणाला तरी दोषी धरता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली. तलावाचा तळ दिसायला लागला. उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला. माळावर एका कंपनीनं दिलेलं ठिबक होतं, पण बोअर आटल्यावर त्याच्या नळ्या नुसत्याच पडून राहिल्या. तेव्हा गावातल्या बायकांनी ठरवलं की टँकर आला की प्रत्येकीनं आपल्या झाडाला एक हंडा न्यायचा. घरात पाण्याची मारामार असताना त्या भर उन्हात चढ चढून हंडे वर नेत होत्या. आई साठीच्या पुढची, तीही गेली. मी फोनवर रागावले तर म्हणाली, "अगं, येकदा लावलंय म्हनल्यावर मरू कसं द्यायचं?" मामाही खालून तलावाच्या उरल्यासुरल्या डबक्यातून बादली भरून न्यायचे. त्यांची मेंढरं तेव्हा तारेच्या बाहेर पाल्याच्या आशेनं मान लांब करून उभी असत.

झाडं जगली. एखाद-दुसरं वाळलं, त्याच्या जागी दुसरं लावलं. त्यानंतर चांगला पाऊस झाला आणि मग माळ ओळखू येईना. कडुनिंब दोन पुरुष उंच गेले. वडाला पहिली पारंबी सुटायच्या गोष्टी आप्पा आतापासूनच करू लागले. तालुक्यात गावाचं नाव झालं. दुसऱ्या गावांची माणसं बघायला येऊ लागली. कुणी बाकडी दिली, कुणी चालायला फरशीचा रस्ता करून दिला. तारेच्या जागी जाळी आली आणि लोखंडी फाटक बसलं. लग्न ठरलेली पोरंपोरी फोटो काढायला येत. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांची बैठक तिथं भरू लागली.

दुसरा पावसाळा संपला तेव्हा आप्पांनी ग्रामसभेत विषय काढला. कुंपण काढायची वेळ झाली, निदान खालच्या बाजूनं तरी मेंढरांना वाट द्या. एकदम गलका झाला नाही. सगळे गप्प बसले, आणि आई म्हणते, ते गप्प बसणंच जास्त वाईट होतं. मग एक तरुण शांतपणे म्हणाला, "आप्पा, जांभळं आन् चिंचा अजून बारक्या हायत. मेंढरू शेंडा खातं, साल सोलतं. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त म्हाईत हाय." आप्पा म्हणाले, "मग मोठ्या झाडांच्या अंगाला तरी." तेव्हा बायकांमधून एक उठली. तिचा नवरा दुष्काळाच्याच वर्षी वारला होता आणि त्यांच्या घराचं झाड, जांभूळ, अजून लहान होतं. ती म्हणाली, "आप्पा, म्या डोक्यावं पानी वाहिलंय. घरात पोरं तहानेली ठिवून वाहिलंय. त्या झाडाला मेंढरू लागलं तर म्या कुनाला इचारू?"

आप्पा खाली बसले. घरी येऊन आईला म्हणाले, "ती खरं बोलली. आन् मी बी खरंच बोललो हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मामांकडं गेले. मामा सभेला आलेच नव्हते. वाड्यात एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. आप्पांनी झालेलं सांगितलं आणि म्हणाले, "अजून एक पावसाळा थांब. पुन्हा विषय काढतो." मामा म्हणाले, "बरं." आप्पांनी विचारलं, "तू काय बोलशील का न्हाई?" मामा म्हणाले, "च्या घे." आप्पांनी चहा घेतला आणि परत आले. यापलीकडं काही झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, असं आप्पा पुढं कितीदा तरी म्हणाले.

तलावाच्या खालचं गवत दोन वर्षांत संपलं होतं. बाकी चहूकडं ऊस आणि ठिबकवरचा कांदा, तिथं मेंढराला पाय ठेवायला जागा नाही. म्हणून मामा पाटाच्या भरावावरून मेंढरं नेऊ लागले. भरावाच्या दोन्ही बाजूंना ऊस. आमच्या भागात उसात बिबटे राहतात, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. तोड सुरू झाली की त्यांची लपण जाते आणि ते दिवसाउजेडीसुद्धा बाहेर पडतात. पहिल्यांदा त्यानं मागं राहिलेली एक मेंढी नेली. मामांनी ती गोष्ट घरी सांगितलीच नाही. त्यानंतर काही दिवसांनी, ऊन उतरताना, तो थेट कळपात घुसला. मामांनी काठी उगारली. तो दचकून उसात गेला, पण मेंढरं बिथरून मामांच्या अंगावर आली आणि मामा भरावावरून घसरून पाटाच्या सिमेंटवर पडले. खांद्याचं हाड मोडलं.

आईचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. सुटल्यावर तशीच शिरूरला गेले. दवाखान्यात मामा पाठीमागं उशी लावून बसलेले, हात गळ्यात बांधलेला. आप्पा शेजारी स्टुलावर. मला बघून मामा म्हणाले, "ये, भाची. वाघानं बघितलं मला नीट. म्हनला असंल, ह्याच्यात काय खायचं." मी हसले. आप्पा हसले नाहीत. ते मामांच्या पायावरची चादर उगाच सारखी करत होते.

मामांचा मुलगा तेवढ्यात आला. तोही कुरकुंभलाच, दुसऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. उसाचं रान त्यानं वाट्यानं दिलं होतं आणि बायको-मुलांना घेऊन तिकडं खोलीत राहत होता. तो आप्पांशी नीटच बोलला, पाया पडला. पण मग म्हणाला, "आप्पा, आता बास झालं. मेंढरं मी विकनार. आन् ह्यांला घेऊन जानार." आप्पा म्हणाले, "माझं वरचं रान मोकळं ठेवतो मी. तिथं चारू दे." मुलगा म्हणाला, "किती दिस पुरंल ते?" आप्पांनी मामांकडं पाहिलं. मामा खिडकीतून बाहेर बघत होते.

मेंढरं विकायला नेली ती सकाळ आप्पांनी पाहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते शेताकडं चालले होते आणि समोरून टेम्पो आला. मागच्या जाळीतून मेंढरांची तोंडं दिसत होती. टेम्पो कडेला थांबला नाही, आप्पांनीही हात केला नाही. घरी आल्यावर आईनं जेवायला वाढलं तर म्हणाले, नंतर. दिवसभर ते ओसरीवर बसून होते. आईला वाटलं, मामा निघायच्या आधी भेटायला येतील. ते आले नाहीत. त्या भाऊबीजेलाही आले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी सकाळपाळी सुटली आणि मी एमआयडीसीच्या रस्त्यानं निघाले होते. एका कारखान्याच्या भिंतीलगत झाडांची रांग आहे. कारखान्यांना आवारात आणि कडेला झाडं लावावीच लागतात, तशीच ती. अंगावर हिरवं जाकीट घातलेला एक म्हातारा माणूस पाइप धरून पाणी घालत होता. मी पुढं गेले आणि गाडी थांबवली. पागोट्याच्या जागी टोपी होती, म्हणून आधी ओळखलं नव्हतं.

"मामा?"

त्यांनी वळून पाहिलं, पाइप खाली ठेवला आणि ओला हात जाकिटाला पुसला. "भाची व्हय? ताई कशी हाय?"

"बरी आहे. तुम्ही इथं?"

"पोराच्या ठेकेदारानं लावून दिलंय. खोलीत बसून काय करू? झाडं राखतो आता." ते अगदी सरळ बोलले, त्यात टोमणा नव्हता. खांदा अजून पूर्ण वर जात नव्हता, हे त्यांच्या पाइप धरण्यावरून दिसत होतं. हवेत कारखान्याचा तो नेहमीचा उग्र वास होता. आम्हाला त्याची सवय आहे. मामांनी नाकाला रुमाल बांधला होता.

मी घरी चला म्हणाले, तर म्हणाले, येईन कधीतरी. आईची दोनदा चौकशी केली. आप्पांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मीही बोलले नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी आप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय करतो तिथं?" मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "मला न्हे तिकडं."

न्यायला बरेच दिवस गेले. आधी आप्पांचा गुडघा, मग माझ्या कंपनीतलं ऑडिट, मग पाऊस. शेवटी एका सुट्टीला मी गाडी घेऊन त्यांना आणायला गावी गेले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून हायवेनं कुरकुंभ. आप्पांच्या मांडीवर एक पिशवी होती. आईनं बाजरीच्या भाकरी आणि तिळाची चटणी दिली होती, मामांना आवडते म्हणून.

मी त्यांना थेट त्या भिंतीपाशी नेलं. मामा तिथंच होते. आम्ही येणार हे मी त्यांच्या मुलाला कळवलं होतं, त्यानं सांगितलंही असणार, कारण मामांनी दाढी केलेली होती. आप्पा गाडीतून हळूहळू उतरले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मामा वाकून आप्पांच्या पाया पडायला गेले. वयानं दोघं बरोबरीचे, असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. आप्पांनी त्यांना दंडाला धरून वर उचललं, मग दुखरा खांदा लक्षात येऊन हात सोडला.

"या दाजी. बसा," मामा म्हणाले. भिंतीच्या कट्ट्यावर त्यांनी आपला रुमाल अंथरला.

आप्पा रुमालावर बसले नाहीत, शेजारी बसले. "खांदा कसा हाय?"

"बरा हाय. तुमचा गुडघा?"

"हाय तसाच."

मी जरा बाजूला गेले, पण ऐकू येत होतं. रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं.

आप्पा म्हणाले, "मी तुला शब्द दिला हुता."

मामा म्हणाले, "तुमी दिला हुता, दाजी. गावानं कुठं दिला हुता? तुमचं काय चुकलं न्हाई त्यात."

"मला सभेत आजून जोरात बोलाय पायजे हुतं."

"जोरात बोलून काय झालं आस्तं? त्या बाईनं पानी वाहिलंवतं. म्या बगितलंय तिला वाहताना. तिच्या झाडाला माझ्या मेंढरानं तोंड लावल्यालं मला तरी बघवलं आस्तं का?"

आप्पांनी पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चल परत. वस्तीवर राहा. घर हाय तुझं."

"राहू की. पर उठून करू काय?" मामा हे हसतच म्हणाले. "हितं सकाळी उठलं का काम असतं. तुमी भाकरी आनलीय का काय त्यात?"

त्यांनी पिशवी उघडली, भाकरी मोडून अर्धी आप्पांना दिली, मलाही हाक मारली. आम्ही तिघं भिंतीशी बसून चटणी-भाकरी खाल्ली. आप्पांनी पावसाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, वस्तीवरचं कोण वारलं ते सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. माळावरच्या झाडांबद्दल त्यांनी विचारलं नाही, आप्पांनी सांगितलंही नाही. मग सुपरवायझरचा कोणीतरी माणूस हिंदीत ओरडला, "चाचा, उधर का पानी चालू रह गया है," आणि मामा उठले. "जी, आया," म्हणाले. जाताना आप्पांना दोन्ही हात जोडले.

मी गाडी वळवली. पाटस गेलं, चौफुला गेला. न्हावऱ्याच्या अलीकडं आप्पा म्हणाले, "तिथं कुनी न्हवतं."

"कुठं, आप्पा?"

"तिथं. भिंतीपाशी. तू हुतीस, पर तू काय परकी न्हाईस. तरी त्यो मला शेवटपातुर 'तुमी' म्हनला."

ते खिडकीकडं तोंड करून बसले आणि घर येईपर्यंत तसेच राहिले.

आता दोघं फोनवर बोलतात. मामांच्या मुलानं त्यांना साधा मोबाइल घेऊन दिला आहे. आप्पा रविवारी सकाळी फोन लावतात, पाऊसपाण्याचं आणि तब्येतीचं विचारतात. आई म्हणते, ऐकलं तर वाटतं सोयरीक झालेले दोन व्याही बोलत आहेत, इतकं नीट. मामा गावाला एकदाच आले, वस्तीवरच्या एका दहाव्याला. घाटावरचा विधी झाल्यावर तिथूनच परत गेले. जत्रेलाही येत नाहीत. कामावरून सुट्टी मिळत नाही म्हणतात, आणि ते खरंही असेल.

आप्पा माळावर जाणं हळूहळू कमी करत गेले. आधी गुडघ्याचं निमित्त होतं. गेल्या पंधरा ऑगस्टला गावानं त्यांना तिथं झेंडा फडकवायला बोलावलं होतं. सगळ्यांच्या मनात त्यांच्याबद्दल मान आहे, त्यात तिळभर खोट नाही. आप्पा म्हणाले, शाळेतल्या झेंड्याला येतो, वरचा चढ आता जमत नाही. मग घरी येऊन स्वतःच म्हणाले, "जमला आस्ता चढ."

मधे मी एकदा आप्पांना विचारलं होतं, तुम्हाला वाईट वाटतं का, झाडं लावली त्याचं. ते म्हणाले, "न्हाई. झाडं लावल्याचं न्हाई वाटत. पर तवा आमी माळ मोकळा हाय म्हनलो. मोकळा न्हवता त्यो. तुझा मामा तिथं रोज जात हुता की." नंतर म्हणाले, "मला म्हाईत हुतं आन् मी सुद्धा मोकळाच म्हनलो."

यंदाच्या उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी राहिले. एका दुपारी उकाड्यानं घरात बसवेना, म्हणून आईला घेऊन माळावर गेले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि खरोखरच गार वाटलं. कडुनिंबाचा मोहर खाली पडला होता, करंजाला दाट पानं होती. पाण्याचे हंडे वाहिलेल्या बायकांपैकी दोघी-तिघी तिथं शेंगा निवडत बसल्या होत्या. नवरा गमावलेली ती बाईही होती. तिनं सरकून आम्हाला जागा करून दिली. तिचं जांभूळ आता तिच्या डोक्यावर गेलं होतं. ती म्हणाली, "बरं वाटतं का न्हाई हितं?" मी म्हणाले, "फार बरं वाटतं." खोटं नव्हतं ते.

आईनंही त्यांच्यातल्या मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि निवडायला घेतल्या. कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाचा विषय निघाला. मी झाडाला पाठ टेकून ऐकत बसले. ऊन उतरल्यावर आम्ही घरी आलो. आप्पा ओसरीवर होते. त्यांनी कुठं गेला होता असं विचारलं नाही, आणि आईनंही सांगितलं नाही. ती चहा टाकायला आत गेली.